मेल सर्व्हरची ओळख पटते कशी?

रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीतला रसायनांचा कारखानदार असो, की हमरापूर-जोह्यातून परदेशात गणपती पाठवणारा, दोघांच्याही ऑर्डरी, बिलं आणि बँक खात्यांचे तपशील मेलवरूनच जातात. धंदा वाढला की कंपनीच्या नावाचा स्वतंत्र मेल सर्व्हर हवासा वाटतो. सर्व्हर भाड्याने मिळतो, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट ही मोफत सॉफ्टवेअर त्यावर बसवली जातात, मेलची ये-जा सुरू होते. मग एक दिवस मालकांच्या फोनवर इशारा येतो: या सर्व्हरची ओळख पटत नाही, तरी पुढे जायचं का? 'हो म्हणा, काही होत नाही,' असं ऑफिसात सांगितलं जातं. माझ्या मते संपूर्ण व्यवस्थेतलं सगळ्यात महागडं वाक्य हेच आहे.

फोन सर्व्हरला जोडला जाताना दोन गोष्टी साधाव्या लागतात. वाटेत कुणाला पासवर्ड वाचता येऊ नये, आणि पलीकडे खरोखर आपलाच सर्व्हर असावा. पहिली गोष्ट एन्क्रिप्शनने साधते. पण पलीकडे भामटाच बसला असेल, तर त्याच्याशी कितीही गुप्तपणे बोललात तरी पासवर्ड त्याच्याच हाती जाणार. दुसऱ्या गोष्टीसाठी प्रमाणपत्र लागतं. ती एक छोटी फाइल असते. तिच्यात सर्व्हरचं नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदतीच्या तारखा आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल सही असते. जोडीची खासगी किल्ली सर्व्हरवरच राहते. ती व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका; प्रमाणपत्र देणारी संस्थासुद्धा ती मागत नाही.

रोहेकर ज्यांचं नाव अभिमानानं घेतात ते चिंतामणराव देशमुख 1943 ते 1949 या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आणि नोटांवर त्यांची सही असे. नोट देणारा अनोळखी असला तरी घेणाऱ्याचा सहीमागच्या बँकेवर विश्वास असे. इथेही तसंच आहे. फोनमध्ये आणि संगणकात विश्वासू संस्थांची, म्हणजे त्यांच्या मूळ प्रमाणपत्रांची, यादी आधीच भरलेली असते. त्यांपैकी कुणाची सही असेल तर इशारा येत नाही. स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र वापरलं तर इशारा रोजच येतो, लोकांना 'हो' दाबायची सवय लागते, आणि खरा भामटा मधे आला तरी इशारा अगदी तसाच दिसतो.

पण सही करणारी संस्थाच चुकली तर? 2014 च्या जुलैत हे आपल्याच देशात घडलं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र विभागातून गूगल आणि याहू यांच्या नावांची प्रमाणपत्रं त्यांच्या परवानगीविना दिली गेल्याचं उघड झालं. एनआयसीवर देखरेख करणाऱ्या सरकारी नियंत्रकाने चौकशीनंतर अशी 4 प्रमाणपत्रं असल्याचं सांगितलं. गूगलने मात्र आपल्याला आणखीही माहीत असल्याचं जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टच्या यादीत भारत सरकारचं मूळ प्रमाणपत्र होतं, म्हणून विंडोजवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना ही खोटी ओळख खरी वाटली असती. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र, त्यामुळे तो वाचला. एनआयसीचे प्रमाणपत्रं देण्याचे अधिकार रद्द झाले.

आता प्रत्यक्ष काम. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था 2015 पासून मोफत प्रमाणपत्रं देते. सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम ते मागतो, संस्था सर्व्हरवर एक ठरावीक फाइल किंवा डोमेनच्या नोंदींत एक ठरावीक मजकूर ठेवायला सांगते, तो सापडला की डोमेन तुमच्या ताब्यात आहे असं मानलं जातं. पैसे देऊन घेतलेलं साधं प्रमाणपत्र याहून जास्त सुरक्षित नसतं.

अडचणी पुढे येतात. प्रमाणपत्र वेबसाइटच्या नावाने घेतलं आणि फोनमध्ये मेल सर्व्हरचं नाव वेगळं भरलं, तर इशारा येणारच. दोन्ही नावं अक्षरशः जुळायला हवीत. दुसरं, आपलं प्रमाणपत्र आणि फोनमधलं मूळ प्रमाणपत्र यांच्यात एक मधली कडी असते. सर्व्हरला त्या कडीसकट पूर्ण साखळीची फाइल द्यायची, नुसती आपली नाही. ती विसरली की ऑफिसातल्या संगणकावर सगळं ठीक दिसतं आणि फोनवर अडतं. ही फाइल पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोघांनाही दाखवावी लागते: मेल पाठवण्यासाठी 465 किंवा 587 हे पोर्ट, वाचण्यासाठी 993.

एक मर्यादा ध्यानात ठेवा. एक सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला 25 पोर्टवर मेल देतो तेव्हा प्रमाणपत्राची तपासणी सहसा होत नाही, आणि एन्क्रिप्शन जमलं नाही तर मेल उघडासुद्धा जातो. ही फट बुजवायला एमटीए-एसटीएस हा 2018 चा नियम आहे. तो जरूर लावून घ्या. आणि तुमच्या नावात एक अक्षर बदलून कुणी डोमेन घेतलं, तर त्यालाही रीतसर प्रमाणपत्र मिळतं. म्हणून बँक खातं बदलल्याचा मेल आला की ओळखीच्या नंबरवर फोन करून खात्री करायलाच हवी.

राहिली मुदत. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र 90 दिवस चालतं. सर्टबॉट ते सुमारे महिनाभर आधी बदलतो, पण डव्हकॉटला नवी फाइल वाचायला सांगितलं नाही तर तो जुनंच दाखवत राहतो. फाइल ताजी, आणि मेल बंद! त्यासाठी नूतनीकरणानंतर दोन्ही सेवा रीलोड करणारी आज्ञा सर्टबॉटमध्येच लिहून ठेवावी. मुदत संपत आल्याची आठवण करून देणारे मेल लेट्स एन्क्रिप्टने जून 2025 पासून बंद केले आहेत. शिवाय कोणत्याही संस्थेच्या प्रमाणपत्राची कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 पासून 100 आणि 2029 पासून फक्त 47 दिवस ठरली आहे. सर्व्हर लावून देणाऱ्याला आजच विचारा की नूतनीकरण आपोआप होतं का, आणि नंतर सेवा रीलोड होतात का. परदेशी जाणाऱ्या मूर्तींचा हंगाम सुरू होण्याआधी ते एकदा प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.