आवाज दाखवणारा कॅमेरा

छताजवळच्या एअर लाइनमधून हवा गळतेय, हे फिटरला कळतं ते जेवणाच्या सुट्टीत. यंत्रं थांबली की बारीक सुस्कारा ऐकू येतो. मग शिडी लावायची, जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. बेअरिंगची शंका असेल तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवून मूठ कानाशी धरायची. या पद्धती चोख आहेत आणि आजही उपयोगी पडतात. पण मोठ्या कारखान्यात असे जोड हजारोंनी असतात आणि कित्येक ठिकाणी यंत्रं तिन्ही शिफ्टमध्ये थांबतच नाहीत. तिथे अकूस्टिक कॅमेरा कामाला येतो.

हातात धरायच्या या उपकरणाच्या पुढच्या तोंडावर डझनावारी सूक्ष्म मायक्रोफोन बसवलेले असतात आणि सोबत एक साधी लेन्स. समोरची पाइपलाइन पडद्यावर दिसते आणि जिथून आवाज येतो त्या जागेवर रंगीत ठिपका उमटतो.

यामागचं तत्त्व आपले दोन कान रोजच वापरतात. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो, म्हणजे एक सेंटिमीटर कापायला त्याला सुमारे २९ मायक्रोसेकंद लागतात. बाजूने आलेला आवाज जवळच्या मायक्रोफोनला आधी गाठतो, लांबच्याला किंचित उशिरा. चित्रातल्या प्रत्येक बिंदूसाठी प्रोसेसर हा उशीर आधीच मोजतो, तेवढे संकेत मागेपुढे सरकवतो आणि त्यांची बेरीज करतो. आवाज खरोखर त्याच बिंदूतून येत असेल तर लहरी एकमेकींवर बसून बेरीज मोठी होते, नसेल तर विस्कटते. याला बीमफॉर्मिंग म्हणतात. मायक्रोफोन सरळ रांगेत न मांडता बहुधा सर्पिल किंवा विषम अंतरावर मांडतात, त्यालाही कारण आहे. ३५ किलोहर्ट्झच्या आवाजाची लहर जेमतेम एक सेंटिमीटरची असते. मायक्रोफोनमधलं अंतर सारखं आणि लहरीच्या निम्म्याहून जास्त झालं, तर आवाज नसलेल्या जागीही ठिपके दिसू लागतात.

कल्पना जुनी आहे. पहिल्या महायुद्धात विल्यम लॉरेन्स ब्रॅग आणि विल्यम टकर यांनी अनेक मायक्रोफोनांवर आवाज पोहोचण्याच्या वेळांमधल्या फरकावरून शत्रूच्या तोफा कुठे आहेत ते शोधलं. जेट इंजिनाचा आवाज नेमका कुठून उठतो हे पाहण्यासाठी बिलिंग्जली आणि किन्स यांनी ‘ध्वनी-दुर्बीण’ उभी केली आणि १९७६ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला. तेव्हा हे प्रयोगशाळेतलं काम होतं. मोबाइल फोनमुळे सूक्ष्म मायक्रोफोन स्वस्त झाले, गणित करणाऱ्या चिप वेगवान झाल्या, तसं उपकरण हातात मावू लागलं. फ्लूकच्या आयआय-९०० मध्ये ६४ मायक्रोफोन आहेत, फ्लिअरच्या एसआय-१२४ मध्ये १२४.

दाबाखालची हवा बारीक भोकातून सुटते तेव्हा तिच्यात खळबळ माजते आणि २० किलोहर्ट्झच्या वरचा, आपल्याला ऐकूच न येणारा आवाजही भरपूर निघतो. मोटारी, पंखे, कन्व्हेयर यांचा गोंगाट मुख्यतः त्याहून खालच्या पट्टीत असतो. तो गाळून टाकला की चालू शेडमध्येही गळती ठळक दिसते.

तिची किंमत लहान नसते. सात बार दाबाच्या लाइनवरचं तीन मिलिमीटरचं भोक कॉम्प्रेसरवर सुमारे तीन किलोवॅटचा भार टाकतं. वर्षभर अखंड चाललं तर २६ हजार युनिट वीज नुसती हवेत जाते. गळतीत कॉम्प्रेसरच्या उत्पादनाचा २० ते ३० टक्के भाग वाया जाऊ शकतो, असं अमेरिकेचं ऊर्जा खातं सांगतं. इचलकरंजीतल्या ज्या कारखान्यांत एअरजेट माग आहेत, तिथे आडवा धागाच हवेच्या झोताने फेकला जातो. त्यांच्या वीजबिलात हा आकडा थेट जाणवतो.

उच्चदाबाच्या विजेच्या कामात तर हा कॅमेरा जीव वाचवू शकतो. इन्सुलेटरवर धूळ आणि ओल साचली की पृष्ठभागावर बारीक विद्युत-विसर्जन सुरू होतं. त्यातून ओझोन आणि नायट्रिक आम्ल तयार होऊन पृष्ठभाग खराब होत जातो आणि शेवटी फ्लॅशओव्हर, म्हणजे इन्सुलेटर ओलांडून जाणारी मोठी ठिणगी, होऊ शकतो. आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात हे तडतडणं प्रत्येक आवर्तनातल्या दोन्ही शिखरांच्या आसपास उमटतं. त्या लयीवरून ते ओळखता येतं, तेही सुरक्षित अंतरावरून आणि पुरवठा बंद न करता.

मर्यादाही ओळखून असावं. गुळगुळीत पत्र्यावरून किंवा काँक्रीटवरून आवाज परावर्तित होतो आणि ठिपका भलत्याच जागी दिसतो. अशा वेळी दोन पावलं बाजूला सरकून पुन्हा बघायचं. खरी गळती जागा सोडत नाही. बंद पॅनेलच्या आतलं सहसा दिसत नाही आणि अंतर वाढलं की हवाच हा आवाज शोषून घेते.

तरीही या यंत्राचं मोठेपण मला शोधण्यापेक्षा पुढच्या पायरीत दिसतं. शेडभर पसरलेला सुस्कारा कुणाच्याच कामाच्या यादीत नसतो. फोटोवर ठिपका आला, त्या जोडाला टॅग लागला, की तो अमुक लाइनचा अमुक कपलर होतो आणि त्याची दुरुस्ती कुणाला तरी नेमून देता येते. ती झाली का, हे तपासायचा रस्ताही सोपा आहे. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवायचा. तो तीन मिनिटं लोडवर (हवा दाबत) आणि नऊ मिनिटं अनलोडवर (हवा न दाबता) राहिला, तर क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतेय. दुरुस्तीनंतर हीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि दोन्ही आकडे फिटरला दाखवावेत, कारण वाचलेली वीज त्याच्या हातची कमाई आहे.