खर्ड्यातून वहीत

दिवाळी अंकाचा मजकूर लेखकाकडून छापखान्यापर्यंत कसा पोचत आला, याचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्यातलं अलीकडचं प्रकरण पेन ड्राइव्हचं असेल. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा बाडं टपालानं किंवा माणसाच्या हाती येत आणि खिळे जुळवणाऱ्यापुढे जात. आज लेख ईमेलनं येतो हे खरं. पण लावलेली पानं, चित्रं, जुन्या अंकांची स्कॅन, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं हा जड ऐवज अजूनही बोटभर लांबीच्या वस्तूतून किंवा खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कमधून इकडून तिकडे जातो. आणि तो जसा जातो, तसाच उरतोही.

दिवंगत लेखक-अभ्यासकांच्या घरून येणारे संग्रह लावण्याचं काम मी काही वर्षं करते आहे. पूर्वी ट्रंका यायच्या. आता ट्रंकेबरोबर जुन्या रुमालात गुंडाळलेल्या दोन-तीन डिस्कही येतात. घरचे लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. एक, ड्राइव्ह काढण्याआधी ते ‘इजेक्ट’ खरंच करावं लागतं का? दुसरी, यात हे विचित्र नावांचे फोल्डर कुठून आले, आणि ते उडवले तर चालतील का? हे प्रश्न वेगळे वाटले तरी त्यांचं मूळ एकच आहे. आपण न सांगताही संगणक ड्राइव्हवर लिहीत असतो, आणि ‘झालं’ असं तो म्हणतो त्यानंतरही ते लिहिणं बाकी असू शकतं.

आधी एक गैरसमज दूर करू. ड्राइव्ह एकदम उपसला की तो ‘जळतो’, असं पुष्कळांना वाटतं. यूएसबी हे जोडणीचं मानक १९९६ मध्ये जाहीर झालं. ते घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट प्रमुख होते. त्यांचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं. चालू यंत्राला वस्तू जोडता यावी आणि काढताही यावी, हाच या मानकाचा हेतू होता. नेहमीच्या चपट्या यूएसबी खटक्यात नीट पाहिलं तर चार पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन विजेच्या, त्या जरा लांब. मधल्या दोन माहितीच्या, त्या आखूड. त्यामुळे जोडताना वीज आधी येते आणि काढताना शेवटी जाते. विजेच्या दृष्टीनं उपसणं तितकंसं घातक नाही. घात होतो तो मजकुराचा.

तो कसा, हे समजायला पेढीवरची जुनी पद्धत आठवावी. गिऱ्हाइकांची गर्दी असताना मुनीम आधी खर्ड्यावर आकडे टिपतो, मग सवडीनं रोजकीर्द लिहितो, आणि त्यावरून खतावणी करतो. संगणकाचा खर्डा म्हणजे त्याची स्मृती. ती फार वेगवान असते. त्या मानानं पेन ड्राइव्ह मंद. म्हणून फाइल पाठवली की संगणक ती आधी आपल्या स्मृतीत घेतो, आणि काही वेळा तिथंच ‘कॉपी झाली’ असं सांगून मोकळा होतो. ड्राइव्हवर उतरवण्याचं काम मागाहून चालू राहतं. लिनक्स सर्वसाधारण मांडणीत अशी नोंद ३० सेकंदांपर्यंत खर्ड्यात राहू देतो, मग उतरवायला घेतो; फाइल मोठी असेल तर उतरवणं संपायला आणखी मिनिटं जातात. या काळात ड्राइव्हचा दिवा विझलेला असला, तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही. नोंद अजून निघालीच नसेल, तर दिवा लुकलुकणार कशाला?

वहीत उतरवणं हेही एका दमाचं काम नाही. बहुतेक पेन ड्राइव्हवर ‘फॅट’ जातीची मांडणी असते. तिचा जन्म १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये, फ्लॉपीच्या काळात झाला. तिच्यात एका फाइलसाठी तीन ठिकाणी लिहावं लागतं. मजकूर एका जागी. तो कोणत्या तुकड्यांत कुठंकुठं आहे त्याचा तक्ता दुसऱ्या जागी. आणि फाइलचं नाव, आकार, पहिला तुकडा यांची नोंद तिसऱ्या जागी. या तिन्हींच्या मध्येच ड्राइव्ह निघाला की चमत्कारिक अवशेष उरतात. नाव आहे, पण आकार शून्य. किंवा मजकूर आहे, पण त्याला नावच नाही. विंडोज पुढं दुरुस्ती करते तेव्हा असे बेवारस तुकडे ‘फाउंड’ आणि त्यापुढे तीन शून्यं अशा नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवते. कधीकधी हरवलेलं प्रकरण तिथं अर्धंमुर्धं सापडतं.

१९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या ‘एनटीएफएस’ मांडणीत रोजकीर्दीची सोय आहे. मांडणीत काय बदल करायचा आहे ते आधी टिपायचं, मग करायचा. मध्येच काही बिघडलं तर टिपणावरून वही पुन्हा जुळवायची. पण ही कीर्द वहीची रचना वाचवते; तुमच्या लेखाचा शेवटचा परिच्छेद वाचवण्याची हमी ती देत नाही. मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालावं म्हणून मोठ्या ड्राइव्हवर हल्ली जी ‘एक्सफॅट’ मांडणी असते, तिच्यात अशी कीर्द नाही, आणि तक्त्याची प्रतही सहसा एकच असते. जुन्या फॅटमध्ये निदान दोन असत.

पेन ड्राइव्हच्या पोटात आणखी एक मुनीम बसलेला असतो: त्याची नियंत्रक चिप. फ्लॅश स्मृतीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी एक मोठा ठोकळा पुसावा लागतो. त्यामुळे एक छोटा बदल करायचा तरी आजूबाजूचा जुना मजकूर उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. ऐन त्या क्षणी वीज गेली तर आजची फाइल जातेच, शिवाय जिला कुणी महिनोनमहिने हात लावला नव्हता अशी जुनी फाइलही जाऊ शकते.

‘इजेक्ट’ म्हटल्यावर संगणक क्रमानं काही कामं करतो. खर्ड्यावरचं सगळं वहीत उतरवतो. कुठल्या प्रोग्रॅमनं एखादी फाइल उघडी धरली आहे का ते पाहतो. लिहायला सुरुवात करताना वहीवर ‘काम चालू’ अशी जी खूण केली होती ती पुसतो. फिरत्या तबकडीची डिस्क असेल तर बऱ्याचदा तबकडी थांबवून वाचक-टोक जागेवर बसवतो. पुढच्या वेळी ड्राइव्ह लावल्यावर ‘यात काही दोष आहे, तपासू का?’ असं विंडोज विचारते, तेव्हा बहुधा ती न पुसलेली खूणच बोलत असते.

मग मायक्रोसॉफ्टनंच ‘इजेक्टची गरज नाही’ म्हटलं, त्याचं काय? २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी खर्डा न साठवता लगेच लिहिण्याची पद्धत मूळ मांडणी म्हणून आली, हे खरं आहे. लिहिणं चालू नसेल तर असा ड्राइव्ह सरळ काढता येतो. पण ही मांडणी त्या एका संगणकाची. तोच ड्राइव्ह उद्या झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या विंडोजवर, परवा डीटीपीवाल्याच्या मॅकवर लागतो. तिथले नियम वेगळे. आणि लिहिणं चालू नाही, हे आपल्याला कळणार कसं?

इथं तो दुसरा प्रश्न येतो. ‘मी तर फक्त फोटो पाहिले, काही लिहिलंच नाही,’ असं लोक म्हणतात. त्यांनी नसेल लिहिलं, संगणकानं लिहिलं. त्याचा पुरावा म्हणजे ते विचित्र नावांचे फोल्डर. विंडोजला ड्राइव्ह लावला की ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा फोल्डर तयार होतो. शोधसूचीसाठी ड्राइव्हची ओळख वगैरे त्यात असते. मॅक आपली ‘स्पॉटलाइट’ शोधसूची आणि बदलांची नोंदवही ठेवतो, आणि ‘डीएस-स्टोअर’ या फाइलीत खिडकीतली चिन्हं कुठं मांडली होती ते टिपतो. या नावांच्या सुरुवातीला टिंब असतं. टिंबानं सुरू होणारी नावं लपवायची ही चाल जुन्या युनिक्समधली. फोल्डरच्या यादीतून ‘टिंब’ आणि ‘दोन टिंबं’ या दोन नोंदी वगळण्यासाठी फक्त पहिलं अक्षर तपासलं गेलं, आणि टिंबानं सुरू होणारं सगळंच दिसेनासं झालं, असं युनिक्सच्या वर्तुळातले रॉब पाइक सांगतात.

म्हणून या फोल्डरांकडे मी कचरा म्हणून पाहत नाही. पण सगळेच जपावे असंही नाही. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन, स्पॉटलाइटची सूची, डीएस-स्टोअर ही संगणकाची स्वतःची टिपणं. पेन ड्राइव्हवरून ती उडवली तर लेखनाचं काही जात नाही, आणि पुढच्या वेळी ती पुन्हा उगवतात. तेव्हा त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. कचरापेट्यांचं तसं नाही. मॅकवर पेन ड्राइव्हमधली फाइल टाकून दिली की ती त्याच ड्राइव्हवरच्या लपलेल्या ‘ट्रॅशेस’ फोल्डरमध्ये बसते, आणि पेटी रिकामी करेपर्यंत जागाही अडवते. बाहेरच्या हार्ड डिस्कवर विंडोजही ‘रिसायकल बिन’ ठेवते. लेखकानं नाकारलेला खर्डा तिथं सापडतो. तो ठेवायचा की नाही हे वारसांनी ठरवावं, पण पाहून ठरवावं. वर्ड एखादी फाइल उघडी असताना तिच्याशेजारी एक छोटी लपलेली फाइल ठेवतो आणि त्यात फाइल उघडणाऱ्याचं नाव असतं. ती मागे राहिली असेल, तर त्या हस्तलिखिताचं काम मध्येच तुटलं होतं असं मी समजते आणि आधी त्याची प्रत काढते.

टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणाऱ्या फाइली मॅक फॅट ड्राइव्हवर सोडतो. बहुतेक निरुपद्रवी असतात. मात्र जुन्या मॅकवरच्या काही फॉन्टांचा सगळा ऐवज या जोडफाइलीतच असतो. दिसणारी फाइल शून्य आकाराची असते. नव्वदच्या दशकातल्या अंकांची पानं ज्या अक्षरात लावली, ते अक्षरच अशा साफसफाईत नाहीसं होऊ शकतं.

आता उलटा प्रकार. एका लोकसाहित्याच्या अभ्यासकांच्या घरून आलेल्या ड्राइव्हवर ओव्यांच्या ध्वनिमुद्रणांचे गावोगावचे फोल्डर होते. घरच्यांना तिथं फक्त दोन-तीन केबींचे शॉर्टकट दिसत. एका दुकानदारानं ‘व्हायरसनं खाल्लं, फॉरमॅट करा’ असा सल्ला दिला होता. ड्राइव्हवर किती जागा भरली आहे तो आकडा पाहिला, तर ११ जीबी. म्हणजे खाल्लं काहीच नव्हतं. हा व्हायरस खऱ्या फोल्डरांना ‘लपलेलं’ आणि ‘सिस्टिमचं’ अशा दोन्ही खुणा लावतो आणि त्यांच्या जागी तोतये बसवतो. विंडोजमध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याची कळ दाबून भागत नाही. ‘सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवा’ ही दुसरी खूणही काढावी लागते. लिनक्सवर अशा विंडोजी खुणांना किंमत नसल्यामुळे तिथं सगळी गावं एका ओळीत उभी राहिली. शॉर्टकटना हात न लावता मी फक्त फोल्डर उतरवून घेतले.

वारसांना मी आता चारच गोष्टी सांगते. फोल्डर दिसत नसले तर भरलेल्या जागेचा आकडा पाहा, आणि तोवर कुणाला फॉरमॅट करू देऊ नका. काही उडवण्याआधी पूर्ण प्रत काढा. ‘ड्राइव्ह वापरात आहे’ असा निरोप आला तर खिडक्या बंद करा, जरा थांबा. तरीही सोडत नसेल तर संगणक बंद करून मग काढा. आणि मूळ ड्राइव्ह कपाटात ठेवताना त्याला एक कागद बांधा: कुणाचा, कोणत्या सालापर्यंतचा, दुसरी प्रत कुणाच्या घरी. त्या ओव्यांच्या ड्राइव्हला तसा कागद बांधला आहे. गाणाऱ्या बायकांची नावं ध्वनिमुद्रणात त्यांच्याच तोंडून आली आहेत. आता ती ऐकून लिहून काढायची आहेत.