रक्ताची नळी आणि रेडॉक्सचे शिक्षण

चिरून ठेवलेले सफरचंद काळे पडते, ते ऑक्सिडेशनमुळे. ऑक्सिडेशन म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणे; पेशीतही इलेक्ट्रॉनांची अशी देवघेव क्षणोक्षणी चालू असते. तिचा अभ्यास म्हणजे रेडॉक्स जीवशास्त्र. हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे असेल तर पेशीत निरोप पोचवते, फार झाले की तिलाच इजा करते.

म्हणूनच या विषयात पीएचडी करणाऱ्याचे एका शाखेवर भागत नाही. रसायनशास्त्रातून आलेल्या मुलीला पेशी वाढवायला शिकावे लागते, डॉक्टरला रेणूंचे वागणे. पेशीला ऑक्सिडेशनपासून जपणारे ग्लुटाथायोन मोजायचे, तर रक्त काढताक्षणी त्याचा गंधकाचा गट बांधून ठेवणारे रसायन नळीत हवे. नाहीतर नमुना हाताळतानाच ऑक्सिडाइझ होतो आणि धडधाकट माणूस आकड्यांत आजारी दिसतो. हे शेजारी उभे राहूनच शिकवावे लागते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत ही परंपरा जुनी. आर्ने होल्मग्रेन यांनी १९७६ मध्ये ग्लुटाथायोनच्या जोडीने काम करणाऱ्या ग्लुटारेडॉक्सिन या प्रथिनाचा शोध तिथेच लावला.

फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीचा १९९४ चा निकाल मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात वाचावा, असे मला मनापासून वाटते. बीटा-कॅरोटिन या ऑक्सिडेशन रोखणाऱ्या (अँटिऑक्सिडंट) पदार्थाने फुप्फुसाचा कर्करोग घटेल अशी आशा होती; गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त आढळला.