फायबरच्या पोटातलं लाकूड

फायबरग्लासची होडी कुजत नाही, असं म्हणतात. ते अर्धंच खरं. काच आणि रेझिन कुजत नाहीत. पण जुन्या होडीत तळाला बळ देणारे उभे पट्टे, पाय ठेवायची फळी आणि इंजिन तोलणारी मागची भिंत बहुधा प्लायवूडचीच असते, वरून फायबरचा लेप. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि लेपामुळे बाहेर निघत नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांवर टिकून राहिला की बुरशीचं फावलं.

या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, गोडं मानवतं. कोकणातल्या होडीलाही समुद्रापेक्षा पाऊसच अधिक कुजवतो. बार्शीटाकळी तालुक्यात महानला काटेपूर्णेवर धरण आहे. अकोला शहर त्याचंच पाणी पितं. अशा जलाशयावरच्या होडीला खालून-वरून सगळं पाणी गोडंच.

म्हणून लाकडाला दोषी धरायचं कारण नाही. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले ती ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवलेली. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी तिच्यातूनच कुठंही न थांबता जग फिरले. गाभा कोरडा राहिला तर लाकूड साथ सोडत नाही.

दुखणं कानानं सापडतं. हातोडीच्या दांड्यानं ठोकत जावं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द वाजलं तर तिथं बारीक भोक पाडावं. काळपट ओला भुसा निघाला की आतल्या बाजूचा लेप कापायचा आणि कुजका गाभा कोरून काढायचा, तोही चांगलं लाकूड लागेपर्यंत. इथं कंजुषी करणारा पुढच्या वर्षी पुन्हा कापतो. काचेची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून चांगला मास्क हवाच. तोंडाला बांधलेला दुपट्टा पुरत नाही.

मग वाळवणं, आणि याबाबतीत वऱ्हाडचा उन्हाळा कामाचा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उघडा पडलेला गाभा छान वाळतो. मात्र तेच ऊन इपॉक्सीच्या मुळावर येतं: तापमान दहा अंशांनी वाढलं की मिसळलेलं इपॉक्सी साधारण निम्म्या वेळात घट्ट होतं. पारा ४५ वर असताना डबाभर कालवलं तर डब्यातच धुमसतं. थोडंथोडं कालवावं, पसरट ताटलीत ओतावं आणि काम पहाटे उरकावं.

नवं लाकूड आयएस ७१० चं मरीन प्लायवूड असावं. त्याच्या कापलेल्या कडांना आधी पातळ इपॉक्सी पाजावं. पाणी तिथूनच सर्वांत जास्त पितं. जुन्या लेपाची कड त्याच्या जाडीच्या सुमारे बारापट रुंद उतरती घासून घ्यावी, म्हणजे नवा थर नीट धरतो. स्क्रूचं भोक मुद्दाम मोठं पाडून इपॉक्सीनं भरावं आणि वाळल्यावर मधोमध पुन्हा पाडावं. मग स्क्रूशेजारी उघडं लाकूड उरतच नाही.

होडी बाहेर काढलेली असेल तर मृग लागण्याआधी पालथी घाला. मोठी असेल तर तळाचं बूच काढून पुढची बाजू उंच टेका, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही.