केळीच्या सोपटाचा कागद : भेटपत्रे आणि चिकटवही

केळीचे झाड एकदाच घड देते. घड उतरविल्यावर ते खोड कापून टाकावे लागते व शेजारचे पील पुढे वाढविले जाते. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांतून हिंडताना अशा कापलेल्या खोडांचे ढीग बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि पुष्कळदा नाल्यात पडलेले दृष्टीस पडतात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या खोडाला मात्र अद्याप कोणी विचारीत नाही. शेतात तशीच कुजत राहिलेली खोडे सोंडकिड्याला आश्रय देतात आणि ती बाहेर काढण्यास मजुरी पडते, ती वेगळीच.

या खोडाचे पहिले स्थान खताच्या खड्ड्यातच आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. त्यात पालाश भरपूर असते आणि बारीक तुकडे करून शेणकाल्याबरोबर कुजविल्यास त्याचे उत्तम खत होते. तेव्हा बागेतील सारी खोडे कागदासाठी न्यावीत असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु खोडाच्या बाहेरच्या सोपटांत जो चिवट तंतू असतो, त्यापासून हातकागद होतो. आणि त्या कागदाची भेटपत्रे, पाकिटे व चिकटवहीची पाने घरच्या घरी करता येतात. पावसाळ्यात दुपारचे दोन-तीन तास रिकामे असणाऱ्या बचत गटातील भगिनींना आणि शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला हे काम साजेसे आहे. त्यास लागणारी खोडे थोडकीच. शिवाय तंतू काढून उरलेला गाळ व पाणी पुन्हा खतातच जावयाचे असल्याने शेताचे त्यात नुकसान नाही.

खानदेश आणि कागद

कागदाचा धंदा खानदेशला नवा नाही. एरंडोल आणि यावल ही गावे एके काळी जाड देशी कागदासाठी प्रसिद्ध होती, अशी नोंद ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरात आढळते. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत हा धंदा उतरणीस लागला. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, तेव्हा पुनरुज्जीवनासाठी घेतलेल्या उद्योगांत हातकागदाचाही समावेश होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूर येथे झाले. तेथे खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते आणि चित्रकार नंदलाल बोस यांनी खेड्यात मिळणाऱ्या साध्या साहित्यातूनच अधिवेशनाची सजावट केली होती. दूरच्या शहरातून काही न आणता गावच्या वस्तूंतून शोभा कशी साधावी, याचा तो धडा याच केळीच्या मुलखात दिला गेला. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. सुती कात्रणांपासून तयार होणाऱ्या तिच्या कागदाने अनेक लग्नपत्रिकांना आणि भेटपत्रांना रूप दिले आहे.

कागद टिकतो कशाने?

धुळे येथील राजवाडे संशोधन मंडळात आणि समर्थ वाग्देवता मंदिरात जुन्या पोथ्या व कागदपत्रे जतन केलेली आहेत. शेकडो वर्षांपूर्वी हाताने केलेला तो कागद आजही उलगडून वाचता येतो. याच्या उलट, पाच-दहा वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र हातात घेतले तर ते पिवळे पडून तुटू लागलेले दिसते. याचे कारण कागदाच्या घटकांत आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकूड भरडून करतात. त्यात लाकडाला कठीणपणा देणारा लिग्निन नावाचा पदार्थ राहून जातो आणि उजेड व हवा लागताच तो पिवळा पडतो. जुना कागद चिंध्यांचा किंवा तागाचा असे. कापूस हा जवळजवळ शुद्ध तंतू असून त्यात लिग्निन नसल्यासारखेच असते. केळीच्या तंतूत ते थोडे असते, परंतु सोड्याच्या पाण्यात उकळल्याने आणि नीट धुतल्याने त्याचा बराच भाग निघून जातो. म्हणून केळीचा लगदा आणि सुती चिंध्यांचा लगदा यांचे मिश्रण करावे. केळीमुळे चिवटपणा व सुरेख रेषा येतात, कापसामुळे मऊपणा व टिकाऊपणा येतो. शिंप्याकडील पांढरी सुती कात्रणे याला चांगली. मात्र टेरिकॉटचे व नायलॉनचे तुकडे कटाक्षाने वेगळे काढावेत, कारण त्यांचा लगदा होत नाही.

लगदा व ताव

ताज्या खोडाचा नऊ दशांशांहून अधिक भाग पाणीच असतो. म्हणून एका खोडातून वाळलेला तंतू फार थोडा मिळतो आणि प्रथमच काम करणारा मनुष्य त्याने निराश होतो. जवळपास तंतू काढण्याचे यंत्र असल्यास तेथून तंतू घ्यावा. नसल्यास बाहेरची काळी पडलेली सोपटे टाकून द्यावीत, त्यांच्या आतील सोपटे पाटावर ठेवून बोथट सुरीने खरवडावीत व तंतू धुऊन सावलीत वाळवावा. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, हे खानदेशात कोणास सांगावयास नको. जुने कपडे घालूनच हे काम करावे.

वाळलेला तंतू १ ते २ सेंटिमीटर लांबीचा कापून रात्रभर भिजत घालावा. एक किलो तंतूस सुमारे १५० ते २०० ग्रॅम धुण्याचा सोडा १५ लिटर पाण्यात विरघळवून त्यात तो दोन ते तीन तास उकळावा. भांडे स्टीलचे किंवा कल्हई न केलेल्या लोखंडाचे असावे. ॲल्युमिनियमचे पातेले वापरू नये. सोडा त्याला खातो आणि भांडे व लगदा दोन्ही बिघडतात. लोखंडी भांड्याने लगद्यास काळसर छटा येते, ती चालणार नसेल तर स्टीलच घ्यावे. दाहक सोडा, म्हणजेच कॉस्टिक, काही ठिकाणी वापरतात. तो घरात व शाळेत आणू नये. उकळीच्या सोड्याचे पाणीही डोळ्यांस व कातडीस अपाय करते, म्हणून मुलांना चुलीपासून दूर ठेवावे आणि हातमोजे वापरावेत.

उकळलेला तंतू बोटांत ओढला असता सहज तुटला म्हणजे शिजला असे समजावे. मग तो वाहत्या पाण्यात धुवावा. धुणे पुरे झाले की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पिळलेल्या लगद्यावर हळदीच्या पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब पिवळाच राहिला तर ठीक. तांबूस झाला तर सोडा अजून उरला आहे. धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात सोडू नये, खड्ड्यात जिरवावे.

यानंतर कुटणे. लाकडी मोगरीने दगडावर किंवा उखळात मुसळाने लगदा कुटावा. घरचे मिक्सर वापरावयाचे असेल तर मूठभर लगदा व भांडेभर पाणी असे प्रमाण ठेवावे. तंतू लांब राहिला असेल तर तो पात्याभोवती गुंडाळतो आणि मोटार जळते. चिंध्यांचा लगदा हाताने करणे जिकिरीचे आहे. तेथे वह्यांचे कोरे किंवा एका बाजूस लिहिलेले कागद भिजवून त्यांचा लगदा मिसळला तरी भेटपत्रापुरते काम भागते. चिकटवहीसाठी मात्र चिंध्यांचाच आग्रह धरावा.

मोठ्या घमेल्यात किंवा टाकीत पाणी घेऊन त्यात लगदा इतकाच मिसळावा की वाळलेल्या लगद्याच्या एका भागास पाण्याचे सुमारे शंभर भाग पडतील. एकावर एक बसणाऱ्या दोन लाकडी चौकटी घ्याव्यात. खालच्या चौकटीवर मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणून ठोकावी. पाणी ढवळून साचा उभा आत घालावा, आडवा करून सरळ वर उचलावा आणि पाणी निथळत असतानाच एकदा पुढेमागे व एकदा आडवा हलवावा. तंतू एकमेकांत गुंतण्याचे सारे रहस्य या दोन हालचालींत आहे. पहिले दहा-वीस ताव वाकडेतिकडे निघतात. ते पुन्हा पाण्यात मोडावेत, काहीही वाया जात नाही. साच्यावरील ताव ओल्या घोंगडीच्या किंवा जाड सुती कापडाच्या तुकड्यावर उलटवावा, त्यावर दुसरे कापड ठेवावे आणि असा थर झाला म्हणजे दोन फळ्यांमध्ये दाबून वर दगड ठेवावेत. दाबलेले ताव गुळगुळीत भिंतीवर किंवा काचेवर ब्रशने चिकटवून वाळवावेत. जुने कागदी चुन्याने गिलावा केलेल्या भिंतीवर ताव वाळवीत. खानदेशातील एप्रिल-मेच्या उन्हात ताव बाहेर ठेवला तर तो घडीभरात पापडासारखा वळतो. त्या दिवसांत हे काम सावलीतच करावे.

२१ बाय ३० सेंटिमीटरच्या भेटपत्राजोग्या जाड तावाचे वजन सुमारे १० ग्रॅम भरते. म्हणजे एक किलो वाळलेल्या लगद्यातून, तूट सोडून, शंभराच्या आसपास ताव निघतात. या हिशेबाने आधीच ठरवावे की किती लगदा हवा.

शाई पसरू नये म्हणून तावास तांदळाच्या पातळ पेजेचा किंवा गव्हाच्या चिकाचा हात द्यावा आणि वाळल्यावर गुळगुळीत शंखाने अथवा काचेच्या पेल्याने घोटावा.

नक्षीचा कागद

बाजारातील छापील नक्षीचा कागद आणण्याचे कारण नाही. मैद्याची दाटसर खळ शिजवून तीत रंग मिसळावा, किंचित ओलसर कागदावर ती ब्रशाने सारखी पसरावी आणि ओली आहे तोवर तीवरून फणी फिरवावी. सरळ, नागमोडी, चौकटी अशा हव्या तशा रेषा उमटतात. रंगात गेरू व काजळी टिकाऊ आहेत. हळद सुंदर दिसते, पण उन्हात उडते. घरात टांगावयाच्या वस्तूस ती वापरू नये.

ठशांसाठी गावातच पुष्कळ सोय आहे. भेंडी आडवी कापली की पाकळ्यांचे फूल मिळते. केळीच्या पानाचा देठ आडवा कापला तर आतील पोकळ कप्प्यांची जाळी दिसते व तिचा ठसा मधाच्या पोळ्यासारखा उमटतो. हा ठसा फार कमी लोकांनी करून पाहिलेला असतो. बटाट्यावर कोरलेले बैल, नांगर, कापसाचे बोंड हेही चालते. भुलाबाईच्या गाण्यांचे दिवस, कानबाईचा उत्सव, आखाजीचा झोका हे विषय खानदेशच्या बाहेरील ग्राहकास नवे आहेत. ताजमहाल आणि गुलाब कोठेही मिळतात.

भेटपत्राच्या सजावटीस जाळीचे पिंपळपान, केळीच्या तंतूची वेणी, पुस्तकात दाबून वाळविलेल्या कपाशीच्या पाकळ्या आणि करडईची फुले वापरावीत. डाळी व धान्याचे दाणे चिकटविण्याची शाळांतून पद्धत आहे. ती सोडून द्यावी. धान्याला किडे लागतात आणि ते कागदही खातात. टपालाने पाठवावयाच्या पत्रावर मणी किंवा आरसे लावू नयेत, पाकीट फाटते. टपालातील साध्या पत्राचा पहिला वजनाचा टप्पा २० ग्रॅमचा आहे. १० ग्रॅमचे भेटपत्र व हलके पाकीट त्यात बसते, दोन जाड पुठ्ठे लावले की बसत नाही. एकूण पाहता, एका पत्रावर एकच गोष्ट ठळक ठेवावी. पुष्कळ चिकटविलेले पत्र शोभत नाही.

चिकटवही

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आसोद्याच्या या शेतकरी स्त्रीच्या मुखातील ओव्या मुलगा सोपानदेव व एका आप्ताने वहीत उतरून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ साली वारल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली. वही नसती तर महाराष्ट्राला त्यांचे नावही कळले नसते. आज घरोघरी छायाचित्रे आहेत, परंतु ती मोबाइलमध्ये आहेत. मोबाइल पाण्यात पडला की लग्न, बारसे आणि आजोबांचा शेवटचा फोटो एकदमच जातो. निवडक छायाचित्रे छापून घेऊन ती चिकटवहीत ठेवण्याची सवय कुटुंबांना लावणे हे विस्तार कार्यच आहे. शेताचीही अशी वही असावी : लागवडीची तारीख, वाण, पावसाची नोंद, पहिल्या घडाचे छायाचित्र, गारपिटीने पडलेल्या बागेचे छायाचित्र, रोग दिसलेल्या पानाचे छायाचित्र. दोन-तीन वर्षांत तिचा उपयोग आपोआप ध्यानात येतो.

छायाचित्र पानावर थेट चिकटवू नये. कागदाचे छोटे त्रिकोणी कोपरे करून ते पानास चिकटवावेत व छायाचित्र त्यांत खोचावे. पुढे काढता येते. पारदर्शक चिकटपट्टी कधीही वापरू नये. काही वर्षांत तिचा गोंद तपकिरी होऊन डाग मागे राहतो. कोपऱ्यांसाठी मैद्याची ताजी खळ पुरते. पुस्तक बांधणारे खळीस कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा शाळेत व घरी तो न घालता दोन दिवसांपुरतीच खळ शिजवावी. नक्षीचा कागद पानाच्या कडेला लावावा, छायाचित्राच्या पाठीशी लावू नये. रंग उतरण्याचा संभव असतो. छायाचित्राच्या मागे शिसपेन्सिलीने नाव, गाव व साल लिहावे. सातबारा, फेरफार, खरेदीखत, जन्माचा दाखला यांच्या मूळ प्रती कोणत्याही परिस्थितीत चिकटवू नयेत. त्यांच्या छायाप्रतीच वहीत लावाव्यात.

वही लोखंडी पेटीत, जमिनीपासून उंच ठेवावी, कारण वाळवी प्रथम खालून येते. कडुनिंबाची पाने घालावयाची तर ती पूर्ण वाळलेली असावीत. पावसाळा संपल्यावर वही एक दिवस सावलीत उघडून ठेवावी.

विक्री

विक्रीसाठी काम करणाऱ्या गटाने आधी ताव काढून ढीग घालू नये. संक्रांतीचे तिळगुळाचे भेटपत्र, दिवाळी, लग्नसराई असे तीनच हंगाम मुख्य आहेत; त्यांच्या दोन महिने आधी दहा नमुने करून जळगाव व धुळ्याच्या दुकानदारांस, शाळांस आणि पत्रिका छापणाऱ्यांस दाखवावेत व मागणीपुरताच माल करावा. किंमत ठरविताना तंतू, रंग व जळण यांबरोबर प्रत्येकीचे तास मांडावेत. तास न मांडता ठरविलेली किंमत स्वस्त दिसते, पण ती भगिनींच्या मजुरीतून जाते आणि दुसऱ्या हंगामात गट मोडतो. ज्या गावात तंतू, कात्रणे व पाणी या तिन्हींपैकी एकाची अडचण असेल तेथे ताव करण्याऐवजी तयार हातकागद विकत घेऊन केवळ भेटपत्रांपासून आरंभ करावा. ताव काढण्याचे काम पुढील वर्षी हाती घेता येते.