सांध्याची डबी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात विजेच्या जंक्शन बॉक्सवर लेख लिहावा हे काहींना विपरीत वाटेल. विज्ञान शाखेची मित्रमंडळी तर अतिक्रमणाची तक्रारच करतील. परंतु या विषयाकडे मी हौसेने वळलेलो नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या परसात आईला विजेचा धक्का बसला, आणि तो का बसला हे समजून घेता घेता मला जे कळले ते आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

आमच्या मागच्या पडवीतून विहिरीजवळच्या दिव्यासाठी एक वायर गेली होती. ती अर्ध्यावर अपुरी पडली म्हणून दुसरा तुकडा जोडला होता. सांधा पेरूच्या फांदीवर होता, त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती आणि वरून दुधाची रिकामी पिशवी सुतळीने बांधली होती. त्याच फांदीला कपडे वाळत घालण्याची तार होती. ही व्यवस्था तीन वर्षे बिनबोभाट चालली. चौथ्या पावसाळ्यात चिकटपट्टीचा गोंद धुऊन गेला, पट्टी सुटली, वाऱ्याने फांदी हलली आणि उघडा सांधा तारेला टेकला. आई ओले कपडे काढायला गेली. पायात रबरी चपला होत्या आणि हात झटक्याने बाजूला फेकला गेला, एवढ्यावर निभावले. उजवा हात दोन दिवस बधिर होता.

मला पडलेला पहिला प्रश्न असा की फ्यूज का उडाला नाही? दुरुस्तीला आलेल्या वायरमनकाकांना मी तो विचारला. ते म्हणाले, "अरे, फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी नाही तो." हिशेब केल्यावर त्यांचे म्हणणे पटले. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. ओल्या अंगाचा विद्युत् विरोध साधारण हजार ओहम धरला, तर शरीरातून सुमारे ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. पाच अँपिअरच्या फ्यूजला हा विसावा भागही नाही. त्याला काही घडल्याचे कळतसुद्धा नाही. उलट माणसाला दहा मिलिअँपिअरच्या आसपासच स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येईनाशी होते, आणि पन्नास-शंभरच्या घरात हृदयाची लय बिघडण्याचा धोका निर्माण होतो. फ्यूजऐवजी एम.सी.बी. असला तरी या बाबतीत फरक पडत नाही.

आता सांध्याकडे वळू. अखंड वायर सहसा दगा देत नाही. दगा देतो तो सांधा. दोन तारा घट्ट बसल्या असतील तर तेथील विरोध ओहमच्या काही हजाराव्या भागाएवढा असतो. पण नुसत्या पिळून जोडलेल्या तारा कालांतराने सैल होतात, त्यांवर गंज चढतो. समजा, तो विरोध अर्धा ओहम झाला. दोन हजार वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध या सूत्राने त्या एका सांध्यात जवळजवळ ३८ वॉटची उष्णता सतत निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे डाग देण्याचे यंत्र साधारण एवढ्याच वॉटचे असते, आणि त्याने कथील वितळते! तसले यंत्र लाकडी पट्टीच्या मागे किंवा माळ्यावरच्या रद्दीत चालू ठेवून आपण आंघोळीला जातो, असा याचा अर्थ.

म्हणून नियम असा की सांधा कोठेही उघडा ठेवायचा नाही, तो डबीतच करायचा. डबीमुळे तिघांपासून रक्षण होते: आपला हात सांध्याला लागत नाही, सांध्याची ठिणगी बाहेर येत नाही आणि बाहेरचे पाणी सांध्यापर्यंत पोचत नाही. शिवाय वायरीला ओढ बसली तर ती डबीवर बसते. यातूनच दुसरा नियम निघतो. डबीचे झाकण केव्हाही उघडता आले पाहिजे. रंगकामाच्या वेळी भिंत एकसारखी दिसावी म्हणून डबीवरून गिलावा फिरवण्याची आपल्याकडे भारी हौस. मग दहा वर्षांनी बिघाड शोधताना अर्धी भिंत फोडावी लागते, आणि वायरमनच्या नावाने बोटे मोडली जातात ती वेगळीच.

घरातल्या डब्या निवडणे फार अवघड नाही. पीव्हीसी पाइपांच्या वायरिंगसाठी गोल डब्या मिळतात; एक, दोन, तीन किंवा चार तोंडांच्या. पाइप २० मिलिमीटरचा की २५ चा, त्याप्रमाणे तोंड घ्यावे. स्लॅबमध्ये टाकायची डबी खोल असते, कारण वरून काँक्रीट पडते. लोखंडी डबी मजबूत असते, पण तिला अर्थिंग जोडलेच पाहिजे, नाहीतर आतली वायर सोलली गेली की सबंध डबीच जिवंत होते. अशा डब्यांसाठी भारतीय मानक ५१३३ आहे. त्याचा एक भाग धातूच्या व दुसरा विद्युत् निरोधक पदार्थांच्या डब्यांसाठी आहे. दुकानात मात्र पुष्कळदा भंगार प्लास्टिकपासून केलेल्या, अंगठ्याने दाबली तरी वाकणाऱ्या डब्या समोर येतात. वायरमनकाकांनी मला एक गंमत दाखवली. चांगल्या पीव्हीसीचा कपचा पेटवून ज्योत बाजूला घेतली की तो आपोआप विझतो, कारण त्यात क्लोरीन असते. स्वस्तातल्या डबीचा कपचा मेणबत्तीसारखा जळत राहिला. (हा प्रयोग उघड्यावरच करावा, धूर वाईट असतो.)

आकाराच्या बाबतीत कंजुषी करू नये. झाकण अंगठ्याने दाबून धरून स्क्रू पिळावा लागत असेल तर डबी लहान आहे असे समजावे. दाटीवाटीत वायरी चेपतात आणि उष्णता कोंडते. डबीच्या आतसुद्धा पीळ देऊन चिकटपट्टी लावणे हा सांधा नव्हे. योग्य मापाचा कनेक्टरच वापरावा. जुन्या घरांत अॅल्युमिनियमच्या वायरी आहेत, तेथे तांब्याची वायर थेट जोडू नये. दोन धातू एकत्र आले आणि त्यांत दमटपणा शिरला की अॅल्युमिनियम झिजू लागते. टेलिफोनच्या किंवा केबलच्या तारा याच डबीतून नेण्याचा मोहही टाळावा.

हे झाले घरातले. बागेतला प्रश्न निराळा आहे, कारण तेथे पाऊस, ऊन, मुंग्या आणि माणसाचे अनवाणी ओले पाय हे सगळे एकत्र येतात. बाहेरच्या डबीवर आय.पी. अशी अक्षरे आणि पुढे दोन आकडे छापलेले असतात. पहिला आकडा धुळीचा व घन वस्तूंचा, तो ६ पर्यंत जातो. ६ म्हणजे धूळ मुळीच आत जात नाही. दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे नळीची धार, ६ म्हणजे जोराची धार आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणे. आय.पी. ४४ ची डबी पडवीच्या पागोळीआड चालेल. पण कोकणात पाऊस आडवा येतो, तेव्हा उघड्या भिंतीवर ६५ च्या खाली जाऊ नये असे माझे मत झाले आहे.

येथे एक गैरसमज मी स्वतःही बाळगून होतो. मोठा आकडा म्हणजे सर्व बाबतींत वरचढ, असे नाही. ७ ची कसोटी बुडवण्याची आहे, धारेची नाही; ६७ लिहिलेली डबी जोराच्या धारेत टिकेलच असे त्यावरून ठरत नाही. आणि अर्ध्या तासाची कसोटी पास झालेली डबी चिखलात चार महिने पुरून ठेवण्यासाठी नसते. जमिनीखाली शक्यतो सांधाच करू नये. केबल लोखंडी कवचाची घ्यावी, पाऊण मीटर खोल पुरावी आणि तिचे सांधे जमिनीच्या वर, पाणी साचते त्याहून उंच असलेल्या डबीत करावेत.

डबी कितीही चांगली आणली तरी आपण तिला भोक पाडतो तेथे तिचा आकडा संपतो. वायर आत शिरते तेथे केबलच्या जाडीला बेताची बसणारी ग्लँड हवी. वायरी खालच्या बाजूने आत घ्याव्यात, आणि आत शिरण्यापूर्वी वायरीला खाली झुकलेला एक झोल ठेवावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी डबीत न जाता झोलाच्या टोकाशी गळून पडते. न वापरलेली तोंडे बुचाने बंद करावीत. आमच्या पंपाच्या जुन्या डबीच्या उघड्या तोंडातून कुंभारीण माशीने आत मातीचे घर बांधले होते, आणि शेजारी पालीचा सांगाडा होता. साधे पीव्हीसी उन्हाने दोन-चार वर्षांत ठिसूळ होते, म्हणून उन्हात उन्हाला टिकणारी पॉलिकार्बोनेटची डबी बरी. झाकणाखालचे रबर मात्र तिचेही कधीतरी बदलावे लागतेच.

एवढे करूनही माणसासाठी वेगळा पहारेकरी लागतो, तो म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही हे तो पाहतो. तफावत दिसली की सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. आईच्या अंगातून जमिनीत गेलेला प्रवाह ही तीच तफावत होती. फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर मात्र त्याला काही कळत नाही, आणि एम.सी.बी.चे कामही तो करीत नाही. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे.

हे सगळे वाचून कोणी स्वतःच पेचकस घेऊन भिंतीवर चढू नये. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी; आपण काय मागायचे आणि काय तपासायचे एवढे कळले तरी पुरे. आमच्याकडे आता पेरूवर काही नाही. केबल जमिनीखालून गेली आहे, विहिरीजवळ खांबावर कमरेच्या उंचीला करडी डबी आहे. यंदा पहिल्या जोराच्या पावसानंतर काकांनी मुख्य स्विच बंद करून झाकण उघडले, तेव्हा आत एका ग्लँडखाली दोन थेंब दिसले. ग्लँड एका मापाने मोठी बसली होती; ती बदलली. कपड्यांच्या तारेच्या जागी नायलॉनची दोरी आली आहे. आई मात्र पावसात त्या दोरीवरचे कपडे अजूनही काठीनेच काढते.