एक खोली, ८७ पट छोटी दुनिया

रॉड स्टुअर्ट हे नाव तुमच्यापैकी काहींनी बाबांच्या जुन्या कॅसेट्सवर वाचलं असेल. ब्रिटनचा हा रॉकस्टार टूरवर असला, की हॉटेलमध्ये स्वतःच्या खोलीसोबत आणखी एक खोली घ्यायचा. पार्टीसाठी नाही! तिथे बसून तो वीतभर उंचीच्या इमारती रंगवायचा. २०१९मध्ये मॉडेल रेल्वेच्या एका मासिकात फोटो छापून आले, तेव्हा या इमारती कुठे जातात ते जगाला कळलं. लॉस एंजेलिसच्या घरात त्याने दोन दशकांहून अधिक काळ खपून १९४०च्या दशकातलं अख्खं अमेरिकन शहर उभं केलं होतं. रूळ, पूल, कारखाने, गगनचुंबी इमारती आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या. ‘हे त्याने दुसऱ्यांकडूनच करवून घेतलं असणार’ अशी शंका रेडिओवर निघाली, तर पठ्ठ्याने थेट त्या कार्यक्रमात फोन लावला. बहुतेक सगळं मीच केलंय, फक्त वायरिंग माझं नाही, असं त्याने ठणकावून सांगितलं.

घरातली एक खोली फक्त गाड्यांसाठी, म्हणजे ट्रेन रूम. लहानपणी चावीची आगगाडी सगळ्यांनीच फिरवलेली असते. पण हा मामला वेगळा आहे.

जागेचं गणित

जगात सगळ्यात जास्त चालणारं माप आहे ‘एचओ’. यात प्रत्येक गोष्ट खऱ्याच्या ८७ पट छोटी. आपल्या गाडीचा साधारण २४ मीटरचा डबा या मापात २७-२८ सेंटीमीटरचा होतो. मस्त, टेबलावर मावेल! पण २२ डब्यांची एक्स्प्रेस करायची म्हटली, तर ती सहा मीटरच्या वर जाते. म्हणजे इंजिन बाल्कनीत आणि शेवटचा डबा स्वयंपाकघरात.

वळणाचं दुखणं तर त्याहून मोठं. आपल्या ब्रॉडगेजवरच्या अगदी तीव्र वळणाची त्रिज्यासुद्धा १७५ मीटर असते. भागिले ८७ केलं, की दोन मीटर. गाडी पूर्ण गोल फिरवायला चार मीटर रुंद जागा हवी आणि १० बाय १२ची खोली पुरत नाही. म्हणून सगळेच जण लबाडी करतात. मॉडेलची वळणं खऱ्यापेक्षा कितीतरी तीव्र ठेवतात, डबे कमी जोडतात आणि जिथे हिशेब जुळत नाही, तिथे डोंगर किंवा बोगदा घालून झाकतात. कितीतरी जणांची पहिली रेल्वे आठ बाय चारच्या एका प्लायवर सुरू होते, ती याच तडजोडीमुळे.

त्यानंतर येतात लाकडी सांगाडा, रूळ, वायरिंग आणि सगळ्यात शेवटी निसर्ग. फेविकॉलसारखा पांढरा डिंक पाण्यात पातळ करून रुळांतली बारीक खडी चिकटवायची, हे काम एकाच वेळी ध्यान आणि शिक्षा दोन्ही आहे.

टेबलाखालचे हॅकर

रॉड स्टुअर्टने सोडून दिलेल्या वायरिंगमधून एक वेगळाच इतिहास घडला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६मध्ये विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब सुरू झाला. काहींना टेबलावरची गावं आणि डोंगर आवडायचे, तर काही जण टेबलाखाली घुसून टेलिफोनच्या रिले आणि वायरी जोडत बसायचे. एखादी युक्ती अफलातून जमली, की ही मंडळी तिला ‘हॅक’ म्हणायची. पुढे यातलेच काही जण संस्थेच्या कॉम्प्युटरकडे वळले आणि शब्दही सोबत घेऊन गेले. १९६२मध्ये तिथे ‘स्पेसवॉर’ हा सुरुवातीच्या काळातला व्हिडिओ गेम तयार झाला, तेव्हा त्याचे कंट्रोलरही क्लबच्या खोलीतल्या सुट्या भागांतून जुळवले गेले.

एमा डायनासोर आणि आग

पण या छंदातला देवमाणूस वेगळाच, कॅलिफोर्नियातल्या माँटेरीचा जॉन अ‍ॅलन. पेशाने फोटोग्राफर. १९४६मध्ये त्याने एक छोटी रेल्वे बांधली आणि तिचं नाव असं रचलं, की मोठ्याने उच्चारलं तर ‘गोरी अँड डिफीटेड’ म्हणजे ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ ऐकू यावं. १९५०च्या दशकात तो तळघर असलेल्या घरात राहायला गेला आणि तिथे त्याने जमिनीपासून छतापर्यंत डोंगर उभे केले. जागा दुप्पट दिसावी म्हणून आरसे लावले. चकचकीत इंजिनं त्याला खोटी वाटायची, म्हणून त्यांच्यावर काजळी आणि गंज चढवला. डबे इकडून तिकडे ओढायला तर चक्क एमा नावाची डायनासोर ठेवली!

जवळपास वीस वर्षं काम चाललं. थोडंच उरलं होतं. जानेवारी १९७३मध्ये अ‍ॅलन हृदयविकाराने गेला, वय ५९. त्यानंतर दहाच दिवसांनी तळघरात आग लागली आणि बहुतेक सगळं जळून गेलं.

मग एवढं खपून मिळालं काय? प्रश्न रास्त आहे. सबमिशन, इंटर्नशिप आणि ‘याचा सीव्हीला काय उपयोग’ यात अडकलेल्या आपल्याला तर तो आधी सुचणार. अ‍ॅलनच्या बाबतीत उत्तर त्याने काढलेल्या फोटोंत आहे. ते मासिकांत बघून हजारो लोकांनी आपापल्या घरात डोंगर बांधायला घेतले. डबे मळवायची त्याची पद्धत आज या छंदातला पहिला धडा झाली आहे.

आपल्याकडे हे डोळ्यांनी बघायचं तर पुण्यात कोथरूडला जा. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८पासून तिथे आहे. गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, सगळं हलतं-चालतं. शो बघून झाला, की खाली वाकून टेबलाखालीही एक नजर टाका.

आणि पैसे, जागा काहीच नसेल, तर अ‍ॅलनचंच ‘टाइमसेव्हर’ कोडं शोधा. फळीवर मावणारे रूळ, पाच सांधे, एक इंजिन आणि चुकीच्या जागी उभे असलेले काही डबे. कमीत कमी वेळात प्रत्येक डबा त्याच्या जागी पोहोचवायचा. वहीच्या शेवटच्या पानावर रूळ काढा, खोडरबराचे तुकडे डबे म्हणून ठेवा आणि शेजारच्या बाकावरच्याला घड्याळ लावायला सांगा. सोपं वाटतं ना? करून बघा!